अर्ध्या तिकिटाचा प्रवासी

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव पुणे-बंगळूरु महामार्गावरील वाठार फाट्यापासून काही किलोमीटर आत वसलेले असून, जनावरांचा बाजार, भोवतीचा उसाचा पट्टा आणि सेनापती धनाजी जाधवांची समाधी यांमुळे ते पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. धनाजीरावांचे निधन १७०८ मध्ये येथेच झाले. पर्यटनस्थळांच्या यादीत मात्र वडगावचे नाव सहसा येत नाही. बाहेरच्याने पाहायला यावे असे हे गाव नसून, येथल्या माणसाने कोठेतरी पाहायला निघावे असे ते आहे. अशा निघण्याच्या गावातून लहान मुलांना बरोबर घेऊन केला जाणारा सुट्टीचा प्रवास पूर्वी कोठवर जात असे, तो आता खोपोलीजवळच्या थीम पार्कच्या दारापर्यंत कसा पोहोचला आणि या वाटेवर मुलाला मोजण्याची मापे कशी बदलत गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुट्टी म्हणजे शाळेची सुट्टी, अशी शहरी समजूत असली तरी उसाच्या मुलखात सुट्टीला आणखी दोन धनी असतात. पहिला धनी गळीत हंगाम, म्हणजे साखर कारखान्याने ऊस गाळण्याचा काळ. तो साधारण दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि त्या काळात तोडीची टोळी कोणत्या दिवशी कोणाच्या फडात येईल याचा नेम नसल्याने घरचा कर्ता माणूस गाव सोडून फार लांब जाऊ शकत नाही. दुसरा धनी म्हैस. गोकुळ आणि वारणा या दोन दूधसंघांच्या प्रदेशात गोठ्यात एखादी तरी दुभती म्हैस असणारी घरे पुष्कळ आहेत, आणि म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी काढावीच लागत असल्यामुळे घरातील सर्वांनी एकाच वेळी मुक्कामाला जाणे हे अशा घरांत जवळजवळ अशक्य ठरते. त्यामुळे या भागातील सहल ही बहुधा एका दिवसाची असते, पहाटेच्या आधी निघून दुसऱ्या पहाटेच्या आत परतणारी असते, आणि ती गळीत संपल्यापासून मृग लागेपर्यंतच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या सुट्टीत बसवली जाते. कुटुंबाच्या सहलीचा आराखडा आई-वडिलांच्या हौसेइतकाच धारेच्या वेळेने ठरतो, ही गोष्ट पर्यटनावरील लिखाणात क्वचितच नोंदली जाते.

या आराखड्यात मुक्कामाची एकच जागा फार पूर्वीपासून मान्य होती, ती म्हणजे मामाचे गाव. आईने माहेरी जायचे, मुलांनी आजोळी जायचे आणि वडिलांनी पोचवायला व न्यायला यायचे, अशी कामाची वाटणी असल्याने गोठा उघडा पडत नसे. मराठीत आगगाडीचे बालगीतही मामाच्या गावालाच जाते. वडगावच्या मुलाला मात्र आगगाडीसाठी हातकणंगले स्थानक गाठावे लागते, म्हणून त्याचा मामा प्रत्यक्षात एसटीच्या वाटेवर भेटतो. मामाच्या गावी मुलाचे मोल नात्याने ठरत असे. तो भाचा होता, एवढ्यावर त्याला आमराईत शिरता येई, विहिरीत पोहायला शिकता येई आणि निघताना आजीकडून नवे कपडे मिळत. त्याचे वय, वजन वा उंची कोणी विचारत नसे. अर्थात हे चित्र सर्वांसाठी सारखे नव्हते. ज्या घरी मामा नव्हता, किंवा माहेरच्या मंडळींशी बोलणे तुटलेले होते, त्या मुलांची सुट्टी गल्लीतच सरे, आणि आजोळच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी या मुलांचा फारसा विचार केलेला दिसत नाही.

मुलाचे पहिले अधिकृत माप त्या वाटेवरच्या एसटीत घेतले जाई. राज्य परिवहन महामंडळाच्या नियमानुसार पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. हे वय ठरवण्याचे साधन म्हणजे आईची साक्ष. वाहकाने विचारावे, आईने चार सांगावे, मुलाने आपण पहिलीत असल्याचे मोठ्याने जाहीर करावे आणि वाहकाने तिकीट फाडताना हसू दाबावे, हा प्रसंग महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या स्मृतीत कोठे ना कोठे आहे. सवलतींची ही गणिते अलीकडे उलटीपालटी झाली आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले, आणि परिणामी आजोबा, आजी, आई, वडील व दोन मुले असे कुटुंब राज्यात कोठेही निघाले तर पूर्ण तिकीट काढणारा त्यात बहुधा एकटा बापच उरतो. अर्ध्या तिकिटाचा मान एके काळी मुलाचा होता. आता तो आईलाही मिळाला आहे.

नात्याच्या प्रवासाइतकाच जुना दुसरा प्रवास दैवताचा. वडगाव परिसरातील अनेक घराण्यांचे कुलदैवत जोतिबा असून त्याचे ठाणे पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी या डोंगरावर आहे. मुलाचा जन्मानंतरचा पहिला मोठा प्रवास बहुधा कुलदैवताकडे होतो, आणि त्याचे निमित्त असते जावळ, म्हणजे बाळाचे जन्मजात केस विधिपूर्वक प्रथम काढणे. हा प्रवास मुलासाठीच आखलेला असतो, त्याच्या नावे नवस बोललेला असतो, मामाची मांडी त्याच्यासाठी राखलेली असते. फक्त त्याला स्वतःला त्यातले काही आठवत नाही. पुढे चालता-बोलता झाल्यावर तो चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला जातो, तेव्हा सासनकाठ्या त्याच्या दृष्टीस पडतात. सासनकाठी म्हणजे वस्त्रांनी सजवलेला उंच वेळू. गावोगावचे मानकरी तो वाजंत्र्यांच्या तालावर नाचवत देवाच्या भेटीला आणतात, आणि सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या काठीचा मान त्यात पहिला मानला जातो. गुलालाने डोंगर लाल झालेला असतो, चांगभल्याचा गजर चाललेला असतो, आणि त्या गर्दीत तीन-चार वर्षांच्या मुलाला दिसावे म्हणून बाप त्याला खांद्यावर घेतो. खांद्यावर बसलेले मूल त्या घडीला साऱ्या गर्दीहून उंच असते. ही उधारीची उंची पुढे थीम पार्कच्या दारात चालत नाही, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

यात्रेचा दुसरा अर्धा भाग देवळाबाहेर असतो. गावच्या जत्रेत, किंवा या भागात जिला म्हाई म्हणतात त्या सामिष जेवणाच्या गावजत्रेत, देवाचा नैवेद्य आणि पाहुण्यांची पंगत उरकल्यावर मुलांचा मोर्चा पाळण्यांकडे वळतो. उभा गोल पाळणा, आडवा फिरणारा घोड्यांचा पाळणा, अलीकडे आलेले ब्रेक डान्स आणि ड्रॅगनची आगगाडी, फुगवलेली मिकी माऊसची घसरगुंडी, लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल फिरवणारा मौत का कुआँ, पिपाणी, भिंगरी, कागदी टोपी, आणि घरी परतताना मेवामिठाईचा पुडा, म्हणजे भेंड, बत्तासे, रेवड्या व गोडी शेव यांचा प्रसाद म्हणून वाटायचा खाऊ, एवढा हा संसार असतो. हा संसार ट्रकवर चढून या जत्रेहून त्या जत्रेला जातो. पाळणेवाला मुलाला उचलून खुर्चीत बसवतो, साखळी अडकवतो, आणि मूल फार लहान दिसले तर आईला शेजारी बसायला सांगतो. येथे माप आहे ते पाळणेवाल्याच्या नजरेचे. ते नेहमी अचूक असते असे नाही, जत्रांतील अपघातांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि जत्रेच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ही बाजू झाकू नये.

थीम पार्क ही संज्ञा आता समजून घेणे सोपे जाईल. मनोरंजनाच्या यंत्रांना, ज्यांना राइड म्हणतात, एका कल्पित विषयाच्या सूत्रात ओवून, भोवती कुंपण घालून, एकाच प्रवेशद्वारातून व एकाच प्रवेशमूल्यात दिवसभरासाठी विकलेली कायमची जत्रा म्हणजे थीम पार्क. हा साचा अमेरिकेत १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिस्नेलँडने रूढ केला. आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील घोड्यांच्या पाळण्यावर बसवून स्वतः बाकावर वाट पाहत असताना, आई-बाप आणि मुले यांना बरोबरीने रमता येईल अशी जागा असावी असे वाटल्याचे वॉल्ट डिस्ने सांगत असत. त्यांनी उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला, तो आतल्या माणसाला बाहेरचे जग दिसू नये यासाठी. जत्रा आणि थीम पार्क यांतला खरा फरक प्रस्तुत लेखकाला या बांधात दिसतो. जत्रा गावात भरते आणि गाव तिच्यात मिसळलेले असते. पाळण्याच्या टोकावरून मुलाला आपले घर, शाळा आणि उसाचे फड दिसतात. डिस्नेच्या बांधाआड ते दिसू नयेत अशीच व्यवस्था असते.

महाराष्ट्रात या साच्याची सुरुवात १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने केली असे मानता येते. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या पिढीला त्याची दूरदर्शनवरील जाहिरात पाठ असते आणि त्यांतल्या पुष्कळांनी ते उद्यान कधीच पाहिलेले नसते. त्याआधीची मौज साधी होती. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून धावणारी फुलराणी ही छोटी आगगाडी हे त्या काळच्या सहलीचे शिखर.

वडगावच्या कुटुंबाला मात्र विषयाधिष्ठित उद्यान पाहण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही, कारण कोल्हापूरच्या दक्षिणेस, करवीर तालुक्यातील कणेरी येथे, सिद्धगिरी मठाच्या परिसरात ग्रामजीवन संग्रहालय उभे राहिले. त्याला कोणी थीम पार्क म्हणत नाही. तरी कुंपण, प्रवेशमूल्य, आखून दिलेली वाट आणि एकच विषय ही लक्षणे तेथे पूर्ण आहेत, आणि विषय आहे तो स्वयंपूर्ण खेडे. माणसाच्या आकाराच्या सुमारे ३०० पुतळ्यांमधून गावगाडा मांडलेला आहे. बलुतेदार, म्हणजे गावाची ठरावीक कामे करून सुगीला धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार आदी कारागीर, आपापल्या अवजारांसह कामात गढलेले दाखवले आहेत, मोटेने पाणी ओढणारे बैल आहेत, ओसरीवर बसलेल्या बाया आहेत. या उद्यानात एकही यंत्र फिरत नाही आणि तरीही लहान मुले तेथे रमतात, याचे कारण बरोबरची आजी. मोट कशी ओढत, उखळात काय कांडत, जात्याच्या खुंट्याला दोघींनी कसे धरायचे, हे तिला पाटी न वाचता सांगता येते; ज्या जगात मुलाला सर्व ठाऊक असून आजीला काही ठाऊक नसते त्या मोबाइलच्या जगातून बाहेर पडून दोन तासांपुरते हे नाते उलटे होते. एक त्रुटी नोंदवणे प्राप्त आहे. गावगाड्याचे हे चित्र फार निवांत आहे. त्यातल्या माणसांना भूक, कर्ज आणि जातीची उतरंड कशी सोसावी लागे हे पुतळ्यांच्या प्रसन्न चेहऱ्यांवरून कळत नाही. विषय निवडला की त्यातले नकोसे गाळावे लागते, आणि थीम पार्कचा हा धर्म कणेरीलाही चुकलेला नाही.

याच जातीची आणखी दोन स्थळे मराठी कुटुंबाच्या वाटेवर येतात. गणपतीपुळ्याच्या सहलीला जोडून पाहिले जाणारे चिपळूणजवळचे डेरवण, जेथे शिवचरित्रातील प्रसंग शिल्पांत उभे केले आहेत, आणि पुण्याजवळ आंबेगाव येथे बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतून साकारत असलेली शिवसृष्टी, जिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. या सर्वांचा मूळ नमुना मात्र दिवाळीत घरोघरच्या अंगणात असतो. दगड, पोती आणि चिखल यांचा किल्ला रचून, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवून, शिखरावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज आणि उतारावर मावळे मांडणारे मूल स्वतःच एका विषयाचे उद्यान उभारत असते, आणि त्यात पन्हाळ्याच्या तटाशेजारी प्लॅस्टिकचे हेलिकॉप्टर उतरवण्यास त्याला मुळीच संकोच वाटत नाही. खरा पन्हाळा तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे व २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदही झाली. अंगणातल्या किल्लेदाराला त्याचे विशेष काही नसते.

खोपोलीची वाट याहून पुष्कळ लांबची, सुमारे ३०० किलोमीटरांची. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे, चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी २०१३ मध्ये इमॅजिका हे थीम पार्क सुरू केले, आणि पाहता पाहता कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील शालेय सहलींचे व कुटुंबांचे ते इष्टस्थान झाले. वडगावहून निघणारे कुटुंब सहसा एकटे निघत नाही. दोन भावांची किंवा दोन शेजाऱ्यांची घरे मिळून क्रुझर वा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात, रात्री एक-दोनच्या सुमारास गाडी दारात येते, झोपलेली मुले उचलून आत ठेवली जातात, आणि वाठार फाटा, किणीचा टोलनाका, वारणेचा पूल, पेठ नाका, कराड ही नावे मुलांच्या झोपेतच मागे पडतात. धार काढायला मागे राहिलेला काका किंवा शेजारी या सहलीचा अदृश्य यजमान असतो, आणि त्याच्यासाठी काय आणायचे हा परतीच्या वाटेवरचा विषय असतो. खंबाटकी ओलांडताना उजाडते. पुणे मागे टाकून गाडी द्रुतगती मार्गाला लागते, घाट उतरते आणि समोर रोलर कोस्टरचे रूळ आकाशात वळसे घेताना दिसू लागले की मुलांचा आवाज चढतो.

दारात उंचीची पट्टी असते. जगभरातील बहुतेक मोठ्या उद्यानांप्रमाणे भारतातही राइडचा प्रवेश, आणि येथे पुष्कळ ठिकाणी मुलाचे तिकीटही, वयाऐवजी उंचीवर ठरवण्याची पद्धत रुळली आहे, आणि अगदी लहान मुलाला, साधारण पाऊण-एक मीटरखालच्या, बहुधा मोफत सोडले जाते. एसटीत आईची साक्ष चाले. येथे ती चालत नाही. यामागे कंजूषपणा किंवा अविश्वास नसून यंत्राचे शास्त्र आहे. रोलर कोस्टरच्या डब्याला इंजिन नसते. बहुधा साखळीने तो सर्वांत उंच टोकावर ओढून नेला जातो आणि तेथून पुढचा सारा प्रवास त्या उंचीत साठलेल्या ऊर्जेवर, निव्वळ गुरुत्वाकर्षणाने होतो. उतारावर शरीर आसनापासून उचलले जाऊ पाहते, तळाशी व वळणावर ते आसनात दाबले जाते, आणि या दोन्ही वेळी माणसाला जागेवर धरून ठेवते ते मांडीवर टेकणारे आडवे दांडके किंवा खांद्यांवरून उतरणारा पट्टा. तो पट्टा खांद्याला नीट टेकावा, पाठ आसनाला लागलेली असताना पाय व हात योग्य ठिकाणी यावेत, यासाठी शरीराचा किमान आकार लागतो आणि तो सर्वांत लवकर, वाद न होता, मोजण्याचे साधन उंची हेच आहे. मोठ्या रोलर कोस्टरची अट म्हणूनच साधारण १.२ ते १.४ मीटरच्या दरम्यान असते.

शास्त्र बरोबर असले तरी पट्टीपाशी जे घडते ते पाहण्याजोगे असते. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा दोन बोटांनी कमी भरतो आणि त्याची दोन वर्षांनी धाकटी, पण अंगाने थोराड बहीण आत जाते. टाचा उंचावल्या जातात, केस वर फुगवले जातात, आणि कर्मचारी शांतपणे डोक्यावर हात ठेवून केस खाली दाबतो. जोतिबाच्या डोंगरावर साऱ्या गर्दीहून उंच असलेले मूल येथे जमिनीवर उभे राहून मोजले जाते. मुलाला आपण लहान आहोत हे घरी रोज सांगितले जाते, पण ते त्याला पटते बहुधा प्रथम येथेच. बापाशी वाद घालता येतो, पट्टीशी येत नाही.

आत गेल्यावर कुटुंब दोन किंवा तीन ठिकाणी फुटते. आई-बाप आणि मुले यांनी बरोबरीने रमावे हे डिस्नेचे स्वप्न उंचीच्या नियमापुढे थोडे लुळे पडते. थोरले मूल बापाबरोबर पाय लोंबकळत ठेवून उलटेसुलटे फिरवणाऱ्या नायट्रोकडे जाते, धाकटे आईबरोबर टबी नावाच्या हत्तीच्या पाळण्यात बसते. सर्वांना एकत्र बसता येईल अशा राइड थोड्या, आणि वडगावकरांच्या पसंतीस त्याच अधिक उतराव्यात हे स्वाभाविक आहे. प्रचंड घुमटाकार पडद्यासमोर आसने अधांतरी नेऊन देशभरातील स्थळांवरून उडत असल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’ ही त्यांपैकी एक. तिच्यात आजीही बसू शकते. ‘राजासॉरस’ या जलप्रवासातील डायनासोर हा निव्वळ कल्पनेचा नाही, ही गोष्ट मुलांना कोणीतरी सांगायला हवी: राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरचे जीवाश्म गुजरातेत सापडले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळाले. रांगेत तासभर उभे असताना सांगण्यासारखी ही गोष्ट रांगेत कोणी सांगत नाही, कारण तेव्हा सर्वजण पुढच्या राइडला किती गर्दी असेल याचा हिशेब करत असतात.

आजीचा दिवस वेगळा जातो. ती बाकावर, पिशव्यांच्या राशीशेजारी बसलेली असते, झोपलेल्या नातवाचे डोके तिच्या मांडीवर असते, आणि समोरून जाणाऱ्या गर्दीकडे ती जत्रेकडे पाहावे तशी पाहते. जत्रेतही ती अशीच चप्पल-पिशव्या राखत बसलेली असे. तिच्या पिशवीतील दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरचे भडंग मात्र बहुधा गाडीतच राहिलेले असते, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला अशा बहुतेक उद्यानांत मनाई असते. भाकरी बांधून नेणे हा मराठी प्रवासाचा पाया आहे. तो दारात काढून घेतला की दिवसभराचा खर्च तिकिटाच्या बाहेर पसरत जातो आणि संध्याकाळी बापाच्या चेहऱ्यावर दिसतो. शेजारच्या जलउद्यानात आणखी एक अडचण येते. पाण्याच्या घसरगुंड्यांवर सुती कपडा अंगाला चिकटतो व अडकतो आणि त्याचे धागे गाळणयंत्रात जातात, म्हणून तेथे नायलॉनसारख्या कापडाचा पोशाखच चालतो; साडीतल्या बाईला पाण्यात उतरायचे तर भाड्याचा पोशाख घालावा लागतो. गावाकडच्या अनेक बाया आधी नको म्हणतात आणि मग जावाजावांनी मिळून घालतात. वडगावात जे कपडे त्या दारातही घालणार नाहीत ते घालून पाण्यात खिदळणाऱ्या या बायांना पाहिल्यावर, डिस्नेच्या बांधाबद्दल वर केलेली तक्रार थोडी मागे घ्यावी असे वाटते. बाहेरचे जग दिसू नये यासाठी घातलेला बांध आतल्या माणसाला बाहेरच्या जगाच्या नजरेपासूनही झाकतो.

जुन्या प्रवासाने नव्याला कसे आत घेतले हे खोपोलीच्या नकाशावरूनच कळते. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीहून अगदी जवळ, आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच पाली रस्त्याच्या पुढच्या टोकाला आहे. त्यामुळे पुष्कळ कुटुंबे सकाळी महडचे दर्शन घेऊन उद्यानात शिरतात, तर मुक्कामाची सोय असलेली पालीलाही जाऊन येतात, आणि घरी सांगताना सहलीला ‘अष्टविनायकातले दोन झाले’ असेही म्हणता येते. नुसत्या मौजेसाठी इतके पैसे घातले हे वडीलधाऱ्यांपुढे बोलणे अजूनही जड जाते. पालीचे दैवत या संदर्भात विशेष समर्पक आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, आणि तो भक्त म्हणजे एक लहान मुलगा: बल्लाळ सवंगड्यांना रानात नेऊन दगडाचा गणपती मांडून पूजेत रंगून जाई, म्हणून बापाने त्याला मारून झाडाला बांधले, आणि तेथे गणपती त्याला प्रसन्न झाला, अशी कथा आहे. मोठ्यांनी खेळ म्हणून मोडलेली गोष्ट देवाने पूजा म्हणून स्वीकारली, असा तिचा अर्थ कोणी लावला तर तो चुकीचा ठरू नये.

दर्शन आणि मनोरंजन यांची ही सांगड व्यवसायानेही ओळखली आहे. संगमनेरच्या मालपाणी समूहाने शिर्डीला साई तीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क उभारले, जेथे तीर्थयात्रेचीच राइड होते आणि लंकादहन पडद्यावर घडते, आणि २०२२ मध्ये त्याच समूहाने इमॅजिकाचाही ताबा घेतला. पूर्वी देवळाबाहेर पाळणे लागत. आता पाळण्यांच्या आत देऊळ आले. प्रस्तुत लेखकाला यात अनाचार दिसत नाही, फक्त मेवामिठाईच्या पुड्यासाठी अजून कोणी योग्य पर्याय शोधलेला नाही असे वाटते, कारण उद्यानाच्या दुकानातून आणलेले खेळणे एकाच मुलाचे असते आणि पुडा अख्ख्या गल्लीत वाटला जाई.

परतीच्या प्रवासाचे वर्णन करण्यासारखे फार नाही. मुले पुण्याच्या आत झोपतात, थोरला अधूनमधून दचकून उतारावर असल्यासारखा हात घट्ट धरतो, साताऱ्याच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबते तेव्हा गाडीतल्या दशम्या अखेर सोडल्या जातात आणि त्या वेळी त्या इतर कशाहूनही चविष्ट लागतात. पुढच्या वर्षी धाकट्याची उंची किती होईल याचा अंदाज चालतो. किणीचा नाका ओलांडून गाडी वाठारला वळते तेव्हा तांबडे फुटायला तास-दीड तास असतो. वडगावात दिवे लागलेले असतात ते गोठ्यांत. काका उठलेला असतो, म्हशीपुढे पेंडीची पाटी ठेवलेली असते, आणि ज्याने रात्रभर गाडीत डोळा लावलेला नाही तो बाप कपडे न बदलता कासंडी हातात घेऊन त्याला म्हणतो, तू झोप आता, आजची धार माझी.